घराचा ताप बघणाऱ्या सिस्टर

मुलुंड पूर्वेला मी तीन वर्षं ज्या खोलीत भाड्याने राहिलो, ती खोली दुपारी एक ते सहा माझी नसायची. हे मला खोली बघायला गेलो तेव्हाच सांगितलं होतं, पण मला वाटलं बाई गंमत करतायत. "एक वाजला की पश्चिमेचं ऊन या भिंतीवर येतं," त्या म्हणाल्या. "मग या खोलीत माणसानं थांबायचं नाही. खोलीला आराम द्यायचा. तू तुझं चंबूगबाळं उचलायचं आणि बाहेर यायचं." मी मान डोलावली. खोली शोधून शोधून पाय दुखायला लागले की माणूस कशालाही मान डोलावतो.

दुसऱ्याच दिवशी मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत बसलो असताना दारावर टकटक झाली. बाहेरून आवाज आला, "शिफ्ट." मी म्हटलं, पाच मिनिटं हां. दार उघडलं. बाई आत आल्या, पंखा बंद केला, खिडकी लावली, पडदा ओढला, आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. जोर नाही केला, रागही नाही. ज्याला स्वतःचं भलं कळत नाही अशा माणसाला जसं हलवतात तसं हलवलं. तेव्हा मला कळलं की गंमत वगैरे काही नाही, हे असंच चालणार आहे.

बाई नर्स होत्या. एका मोठ्या हॉस्पिटलात आयुष्य काढलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं वॉर्ड सिस्टर म्हणून. रिटायर झाल्या तरी बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो. मूळच्या मालवणकडच्या. एरवी आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायच्या, पण डोकं फिरलं की आतून मालवणी बाहेर यायची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगा ठाण्याला. नोकरी संपली, पण पेशंटशिवाय त्यांना करमेना. मग त्यांनी घरालाच पेशंट केलं.

हे मी उगाच म्हणत नाही. हॉलच्या दाराशी खिळ्याला एक पाटी टांगलेली असायची, हॉस्पिटलात खाटेच्या पायाशी असते तशी, आणि तिच्यावर घराचा चार्ट. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा असे चार राउंड. प्रत्येक खोलीत भिंतीवर थर्मामीटर. सिस्टर चष्मा चढवून एकेका खोलीत जायच्या, आकडा बघायच्या, आणि मग भिंतीवर हाताचा पंजा उलटा ठेवायच्या. "थर्मामीटरनं ताप कळतो, हातानं पेशंट कळतो," असं त्यांचं म्हणणं. बरा आकडा निळ्या पेनानं, वाईट लाल पेनानं. सहाच्या राउंडला मी अंथरुणात असायचो. त्या माझ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. माझ्या डोक्यावरच्या भिंतीला हात लावायच्या, "रात्र बरी गेली" असं पुटपुटायच्या आणि जायच्या. ते भिंतीबद्दल असायचं.

आमचा मजला चौथा, म्हणजे शेवटचा. वर थेट गच्ची. दिवसभर स्लॅब तापायचा आणि संध्याकाळी ती सगळी आग सावकाश आमच्या डोक्यावर सोडायचा. म्हणून दर फेब्रुवारीअखेर सिस्टर गच्चीला पांढरा चुना मारायच्या. मारायच्या म्हणजे माझ्याकडून मारून घ्यायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली, परवानगी कुठाय म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही सकाळी फिरायला जाताना टोपी घालता, ती कुणाला विचारून?" सेक्रेटरी टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. पुढच्या वर्षीपासून चुन्याची गोणी सोसायटीकडून यायला लागली.

उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल्या पट्ट्या. माझे दोन टॉवेल त्यात गेले. मी आंघोळ करून बाहेर यावं तर माझा टॉवेल भिंतीवर. "तू पाच मिनिटांत वाळशील, तिला गरज आहे," हे उत्तर. फ्रिजचं तर विचारूच नका. फ्रिजचं दार म्हणजे ऑपरेशन थिएटरचं दार. आत काय करायचंय ते आधी पक्कं असल्याशिवाय उघडायचं नाही.

"काय काढतोस?"

"दही."

"कुठल्या कप्प्यात आहे?"

"मधल्या. डावीकडे."

"भांडं कसलं?"

"स्टीलचं, झाकणाचं."

"जा."

एवढं होऊनही एकदा मी दार उघडून जरा रेंगाळलो. मागून आवाज आला, "आतले तुझे नातेवाईक आहेत काय? भेटायला आल्यासारखा उभा राहू नको." पहिल्या पावसाळ्यापर्यंत मी आमच्या फ्रिजमधलं सामान डोळे मिटून सांगू शकत होतो. आईशप्पथ, आजही सांगेन.

दुपारच्या शिफ्टचं ठरलेलं होतं. एक ते अडीच हॉलचा पूर्वेकडचा कोपरा, अडीच ते चार बाथरूमसमोरचा पॅसेज, चार ते सहा स्वयंपाकघराची फरशी. घरात पंखे पाच, पण एका वेळी चालायचा एकच, आणि सगळ्यांनी त्याच्याखाली. सगळे म्हणजे सिस्टर, मी आणि पाण्याचा माठ. माझी साप्ताहिक मीटिंग नेमकी तीनला. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या मागे बादल्या का दिसतात? मी काही बोलायच्या आत सिस्टर मागून ओली चादर घेऊन गेल्या, आणि जाता जाता थांबून कॅमेऱ्यात वाकून म्हणाल्या, "तुमच्या मागे खिडकी सताड उघडी आहे. दुपारी तीनला. लावून घ्या." साहेब उठले आणि त्यांनी खिडकी लावली. मला त्या वर्षी बढती मिळाली नाही, पण त्याचं कारण हे नसावं.

लोक त्यांना कंजूष समजायचे. वीजबिल वाचवतात म्हणायचे. तसं नव्हतं. बिल आलं की त्या उघडायच्यासुद्धा नाहीत, मला सांगायच्या भरून टाक. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आमच्या बरोब्बर खाली, तिसऱ्या मजल्यावर, एक बेन राहायच्या. प्रेमळ बाई, ढोकळा केला की आधी वर पाठवायच्या. आमचं घर आणि त्यांचं घर मापानं सारखं, खिडक्या सारख्या, ऊन सारखं. त्यांच्याकडे चार एसी, आमच्याकडे एकही नाही. सिस्टर म्हणायच्या, "वीज घर नाही खात रे. घरातली माणसं खातात." आणि बेनच्या चारही एसींची बाहेरची खोकी आमच्या बाल्कनीच्या खाली. दुपारी ती घरघरायला लागली की गरम हवा सरळ वर, आमच्या घरात. "स्वतःचा ताप उतरवायचा आणि शेजारणीला चढवायचा, ही कुठली ट्रीटमेंट?" हे त्या बेनना तोंडावर म्हणायच्या, ढोकळा खाता खाता.

जुने सगळे चार्ट त्यांनी जपून ठेवले होते. एकदा पॅसेजमधल्या शिफ्टला त्यांनी ते जमिनीवर एकाखाली एक मांडले आणि मला बोलावलं. आधीच्या वर्षांत लाल आकडे मे महिन्यात यायचे. मग एप्रिलमध्ये यायला लागले. आता होळीच्या आधीच. त्या म्हणाल्या, "पेशंट तोच, नर्स तीच, औषध तेच. तरी ताप दरवर्षी थोडा वर. म्हणजे दुखणं याचं नाही. साथ बाहेर आहे." मग म्हणाल्या, "साथीत नर्सनं ड्यूटी सोडायची नसते." आणि चार्ट गोळा करून ठेवून दिले.

मुलाला मात्र हे सगळं वेड वाटायचं. मुलगा इंजिनियर, ठाण्यात एका काचेच्या टॉवरमध्ये घर. चांगला होता, दर रविवारी यायचा. पण आदल्या वर्षी मे महिन्यात भिंतीला पट्ट्या लावताना सिस्टरांना चक्कर आली होती आणि त्या स्टुलावरून खाली बसल्या होत्या. पडल्या नव्हत्या, बसल्या होत्या, असं त्या निक्षून सांगायच्या. तेव्हापासून मुलाचा एकच धोशा. "आई, एक तर इथे एसी लाव, नाहीतर माझ्याकडे चल. रोज दुपारी ऑफिसात बसून मला तुझीच काळजी लागलेली असते."

"तुझ्याकडे खिडकी उघडत नाही," सिस्टर म्हणायच्या. "नुसती काच. मी धडधाकट असताना आयसीयूत येऊन राहू?"

मी यात कोणाच्या बाजूनं होतो? सरळ सांगतो, मुलाच्या. मला एसी हवा होता. खोली माझी असो नसो, घरात कुठंतरी एक गार हवेचा झोत असावा, एवढीच माझी इच्छा.

तर त्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी एक मुलगी आली. कुठल्याशा कॉलेजात शिकत होती. वाढत्या उन्हाळ्यात लोक घरात कसे राहतात, काय लावतात, काय बंद करतात, आणि त्यानं वीज किती लागते, असा तिचा अभ्यास. बिल्डिंगमध्ये काही घरांत ती साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी ठेवणार होती. डबीवर आकडा दिसत नव्हता, आतल्या आत दहा दिवस तापमान नोंदवायची. सिस्टरांचा चार्ट बघून ती मुलगी खुळावलीच. तिला कोकम सरबत, रव्याचा लाडू आणि भिंतीवर हात ठेवायचं ट्रेनिंग, सगळं मिळालं.

तो रविवार होता, मुलगा आलेला. त्यानं संधी साधली. "आई, हीच डबी पंच. सलग तीन दिवस जरी आकडा पस्तीसच्या वर गेला, तर तू माझं ऐकायचं. एसी नाहीतर ठाणं. नाही गेला, तर मी आयुष्यात पुन्हा विषय काढणार नाही."

सिस्टरांनी हात पुढे केला. "नर्सचा शब्द."

मुलीनं जाताना सूचना दिल्या. डबी उंचावर ठेवा, भिजायला नको, कुणाचा हात लागायला नको, आणि गॅस, फ्रिज, टीव्ही यांच्यापासून लांब. सिस्टरांनी घरभर नजर फिरवली. उंच, कोरडी, जिथे येताजाता कुणाचा हात लागत नाही आणि जवळपास गॅस, फ्रिज, टीव्ही काही नाही, अशी जागा त्या घरात एकच होती. त्यांनी डबीला हळदकुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं आणि तिला देव्हाऱ्यात बसवलं. नवीन यंत्र घरात आलं की आपण करतो तेच. मीही नमस्कार केला. दोन दिवसांनी पाडवा आला, चैत्राचं नवरात्र बसलं, आणि सिस्टरांनी दरवर्षीप्रमाणे देव्हाऱ्यात अखंड दिवा लावला.

दहा दिवसांनी मुलगी डबी घेऊन गेली आणि रविवारी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. मुलगाही हजर होता. तिनं लॅपटॉपवर एक रेघ दाखवली. पाडव्यापासून पुढे ती रेघ बेचाळीसवर जाऊन बसली होती. दुपारी बेचाळीस, पहाटे बेचाळीस, खाली यायचं नावच नाही. "आजी, प्लीज रागावू नका," मुलगी म्हणाली, "पण या घरात माणसानं राहणं बरोबर नाही. मी असं घर पाहिलेलं नाही."

सिस्टरांनी आपला चार्ट काढला. त्यांच्या चार्टवर दुपारचे आकडे तेहेतीस, चौतीस. त्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहिले. मग उठून भिंतीपाशी गेल्या, हात उलटा ठेवला, आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या हाताला एवढं लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, मशीन कशाला खोटं बोलेल?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, तो घाबरलेलाच होता. "कुठलं ते तू ठरव. एसी का माझ्याकडे."

"दोन दिवस दे," सिस्टर म्हणाल्या.

संध्याकाळी आरतीला मी देव्हाऱ्यापुढे वाकलो आणि दिव्याची धग माझ्या कपाळाला लागली. दिव्यापासून वीतभर अंतरावर डबीचं हळदकुंकू सांडलेलं होतं. मी तसाच वाकलेला राहिलो. सिस्टरांना वाटलं मी फार मनापासून नमस्कार करतोय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, आणि लगेच दुसरा विचार आला की हे मी कुणाला सांगितलं नाही तर घरात एसी येईल. मी सांगितलं नाही. इतका नालायक माणूस आहे मी. नुसता तोंड मिटून जेवलो आणि मनातल्या मनात रिमोट हातात धरून झोपलो.

सकाळी मला आपोआप जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. सहाचा राउंड झाला नव्हता. दहाचाही झाला नाही. सिस्टर स्वयंपाकघरात होत्या, पोहे केले, मला दिले, फ्रिजमधून कोथिंबीर काढायला मी गेलो तर कुठल्या कप्प्यात म्हणून विचारलंसुद्धा नाही. एक वाजला. दारावर टकटक नाही. म्हटलं बरं झालं, आज आपल्या खोलीत बसू. अर्ध्या तासात माझी भाकरी झाली. बाहेर आलो तर सिस्टर हॉलच्या कोपऱ्यात खाली बसलेल्या, मांडीवर चार्ट. "पस्तीस वर्षं मी डॉक्टरांना ताप सांगत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या आकड्यावर ते औषध द्यायचे. आता हाताला कळेनासं झालंय, तर तेव्हाही झालं असेल काय रे? किती जणांना मी चुकीचं सांगितलं असेल?"

आता यावर कोण गप्प बसेल? मी म्हटलं, "सिस्टर, डबी दिव्याजवळ होती."

त्यांनी वर बघितलं.

"अखंड दिव्याजवळ. पाडव्यापासून. डबीनं दिव्याचा ताप घेतलाय."

त्या उठल्या, हॉलमधला थर्मामीटर काढला, देव्हाऱ्यात दिव्याशेजारी धरला. नवरात्र संपलं होतं तरी रोजचा दिवा लावलेला होता. थोड्या वेळानं चष्मा वर करून त्यांनी आकडा वाचला आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या का रडत होत्या ते मला कळलं नाही. "देवाक ताप इलो हा रे," त्या म्हणाल्या, "घराक नाय." मग माझ्याकडे वळल्या. "तुका कधी कळला?"

"काल. आरतीला."

"मग आतापर्यंत बोललंस कित्याक नाय?"

"मला एसी हवा होता."

"मेल्या," एवढंच म्हणाल्या, आणि दोनच्या राउंडला निघाल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मुलीला कळल्यावर तिनं आधी कपाळ बडवून घेतलं आणि मग पोट धरून हसली. पुन्हा दहा दिवस ठरले. या वेळी डबी हॉलच्या मधल्या भिंतीवर, आणि आकडे थेट माझ्या मोबाइलवर. मुलगा कबूल झाला. अट तीच.

त्या दहा दिवसांत सिस्टरांनी जी सेवा केली ती मी विसरणार नाही. पट्ट्या तासातासाला बदलल्या. वरणभात सकाळी सहाच्या आत शिजला, त्यानंतर गॅस बंद. इस्त्री बंद, टीव्ही बंद, माझा लॅपटॉप गरम होतो म्हणून तो बाहेर जिन्यात आणि मी त्याच्यासोबत. गच्चीवर चुन्याचा दुसरा हात. मीही लागलो कामाला. कोण जाणे कसं, पण मला एसी नको झाला होता, मला त्या जिंकायला हव्या होत्या. सहा दिवस आकडा पस्तीसच्या खाली राहिला. सहाव्या दिवशी त्यांनी शिरा केला, पहाटे.

सातव्या दिवशी बाहेर काय झालं कुणास ठाऊक. वारा पडला. कावळेसुद्धा पाण्याच्या टाकीखाली सावलीला बसले. बेनचे चारही एसी सकाळपासूनच सुरू. आमचा आकडा पस्तीसच्या थोडा वर. आठव्या दिवशी आणखी थोडा. नवव्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून पट्ट्या बदलत होतो. दुपारी दोनला मोबाइलवर चौतीस पूर्णांक आठ. मी म्हटलं, "सिस्टर, एक आयडिया आहे. डबी नुसती माठाच्या बाजूला ठेवू. अर्धा तास. ती मुलगी म्हणालीच होती गॅसपासून लांब. माठाबद्दल काही बोलली नव्हती."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मोबाइल खाली ठेवला. "पेशंटच्या तोंडात बर्फ घालून ताप बघू?" त्या म्हणाल्या. "कुणाला फसवायचं? मुलाला? मग पेशंटचं काय?"

अडीच वाजता आकडा पस्तीसच्या वर गेला आणि तिथेच राहिला. सिस्टरांनी लाल पेन घेतलं, चार्टवर लिहिलं, खाली सही केली. मला म्हणाल्या, "आपण काही कमी केलं नाही रे. घरातलं सगळं केलं. बाहेरचं आपल्या हातात नाही." मला वाटलं आता या ठाण्याला जाणार. त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला. "तिसरा दिवस झाला," त्या म्हणाल्या. "घेऊन ये तुझं ते डबडं. मी खंय जाणार नाय."

एसी त्यांच्या आतल्या मोठ्या खोलीत बसला. मुलानं स्वतः उभं राहून बसवून घेतला, आईला पलंगावर बसवलं, रिमोट शिकवला, पाया पडला आणि डोळे पुसत गेला. सिस्टरांनी आकडा सत्तावीसवर केला, पंखा बारीक केला, आणि पाच मिनिटं सरळ बसून राहिल्या. मग खोलीभर बघितलं. "एका बाईला एवढा गारवा? इथे अख्खा वॉर्ड मावेल." उठल्या, चपला घातल्या आणि तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मी दारातून ऐकत होतो. "बेन, तुमचे चारही बंद करा आणि वर चला. सासूबाईंना पण घ्या. उशी आपापली."

बेन नवल बघायला म्हणून आल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून आल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर आणि त्यांची बायको, मग पहिल्या मजल्यावरचं एक कुटुंब, मग टोपीवाले सेक्रेटरी. वेळ दोन ते पाच. खाली चटया, कडेला आजारी माणसं, मध्ये धडधाकट. मोबाइल मुका. दुखण्याच्या गप्पा बंद, त्यानं हवा गरम होते म्हणे. आणि प्रवेशाची अट एकच, घरचा एसी बंद करून यायचं. सिस्टर दोन वाजता बाल्कनीत जाऊन वाकून बघायच्या, कुणाच्या नळीतून पाणी गळतंय का. गळत असेल तर एसी चालू. एकदा बेन सापडल्या. एका खोलीतला चालूच होता. "पेटी आली आहे हापूसची," बेन काकुळतीला येऊन म्हणाल्या, "एकदम पिकून जाईल ना."

"मग आंबेपण वर आणा," सिस्टर म्हणाल्या. दोन पेट्या कपाटाच्या बाजूला दाखल झाल्या. दुपारभर त्या खोलीत हापूसचा वास आणि मास्तरांचं घोरणं.

पुढच्या रविवारी अडीच वाजता मुलगा आला. आईला गार झोप लागली असेल, न उठवता बघून जाऊ, असं मनात धरून आला असावा. त्यानं हळूच दार उघडलं. आत बाराजण आडवे, दोन पेट्या आंबे, मी भिंतीशी लॅपटॉप घेऊन, आणि त्याची आई दाराशी स्टुलावर. तो बाहेर पॅसेजमध्येच, शर्टावर घामाचे नकाशे.

"आई," तो कुजबुजला, "मी हा तुझ्यासाठी लावला होता ना गं."

"माझ्यासाठीच चाललाय," सिस्टर म्हणाल्या. "खालचे सगळे बंद आहेत. हॉलमध्ये जाऊन भिंतीला हात लाव. आठवडाभर लाल पेन उचललेलं नाही मी. आणि दुपारी मी एकटी आहे म्हणून तुला काळजी होती ना? मोज."

त्यानं मोजलं. खरंच बोट फिरवून मोजलं. बेनच्या सासूबाई उशीवरून त्याच्याकडे बघून हसल्या आणि चटईवर थोड्या सरकल्या. तो आत पाऊल टाकणार तेवढ्यात सिस्टरांनी दाराला हात आडवा लावला.

"तुझ्या घरी एसी चालू आहेत?"

"आहेत. दोन. बायको घरी आहे."

"मग तुला आत घेता येणार नाही."

"आई, मी तुझा मुलगा आहे."

"भेटायला आलेले सगळे असंच म्हणतात," सिस्टर म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही आत सगळे जागे, डोळे मिटून ऐकत होतो. मास्तरांनीसुद्धा घोरणं थांबवलं. बाहेर फोन लावल्याचा आवाज आला.

"ऐक, दोन्ही बंद कर. हो, आत्ता. आणि रिक्षा करून इकडे ये. अगं नाही, आईला काही झालेलं नाही. आईला काय होतंय. तू ये. येताना दोन उश्या आण."